पांढरं जळतंय, काळं बसतंय: सोलापूरच्या उन्हात ब्लॅक अँड व्हाइट रोल दरवेळी का बिघडतो

परवा रात्री पुतण्याचा फोन. "काका, परत तेच झालं बघा. गड्ड्याच्या जत्रेचा अख्खा रोल गेला. बाराबंदी, म्हणजे मिरवणुकीतले ते पांढरे अंगरखे, नुसती पांढरीफेक, घडी नाही, शिवण नाही, अन् माणसांची तोंडं काळीठिक्कर." म्हटलं उजेड मोजायचा मीटर काय म्हणत होता? "मीटर बरोबर हाय की, नवीन सेल टाकलाय." म्हटलं मग असं कर बे, निगेटिव्ह घेऊन घरी ये, मोबाईलवर स्कॅन पाठवत बसू नको.

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो, आणि खरं सांगायचं तर मी स्वतः तीन उन्हाळे यातच घातलेत, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. लक्षण ठरलेलं असतं. नंदीध्वजाच्या मिरवणुकीतले पांढरे कपडे, सिद्धेश्वर तलावाच्या पाण्यावरची चमक, चुन्याची भिंत, हे सगळं जळून सपाट होतं, आणि सावलीतलं सगळं, चेहरे, झाडाचं खोड, दाराच्या आतला भाग, काळ्या डागासारखं बसतं. मधलं काहीच नाही. आणि गंमत म्हणजे तोच माणूस, तोच कॅमेरा, तीच फिल्म, डिसेंबरात धुतलेला रोल झकास येतो. पुतण्याने फोटो जानेवारीत काढले होते पण रोल धुतला एप्रिलमधे. ही गोष्ट त्याने फोनवर सांगितलीच नव्हती, आणि निम्मं उत्तर तिथंच होतं.

आधी स्कॅनबद्दल. स्कॅनरचं सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने उजेड-अंधार ओढून ताणून सारखा करतं, त्यामुळे पातळ निगेटिव्ह असो की घट्ट, स्क्रीनवर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, फक्त कुठेतरी रवा, म्हणजे चित्राचे दाणे, जास्त दिसतो, कुठेतरी पांढरं फाटतं. त्यावरून आजार ओळखता येत नाही. निगेटिव्ह हातात धरून, खिडकीपाशी उभं राहून बघायचं. दुसरा इलाज नाही.

बघायचं काय, तर चित्र नंतर, आधी कड. फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि फ्रेमचे नंबर असतात ना, ते कारखान्यातच उजेड देऊन छापलेले असतात. तुमच्या मीटरचा, शटरचा, अ‍ॅपर्चरचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही. म्हणजे ती अक्षरं कशी उठलीत हे फक्त तुमच्या धुण्यावर ठरतं. अक्षरं स्वच्छ काळी, कडा धारदार असतील तर डेव्हलपमेंट, म्हणजे चित्र उठवणाऱ्या रसायनात, डेव्हलपरमधे, धुणं ठीक. फिकी राखाडी असतील तर डेव्हलपर मेलेला किंवा वेळ कमी पडला. आणि अक्षरं जाडजूड, शाई पसरल्यासारखी फुगलेली असतील तर जास्त शिजलंय. पुतण्याच्या रोलवर पंचवीस नंबरातला पाच अगदी गुळाच्या ढेपेसारखा गोल झाला होता, त्याचं पोटच बुजलेलं.

मग चित्र. निगेटिव्हमधे सावली म्हणजे फिल्मचा पारदर्शक भाग. तिथं अगदी पुसट का होईना पण काही दिसलं पाहिजे, बिनकामाच्या कोऱ्या कडेपेक्षा जरा तरी गडद. कोरी काच दिसली तर त्या जागी उजेडच पोचला नाही, म्हणजे एक्स्पोजर कमी. आणि सगळ्यात काळ्या भागासाठी, म्हणजे फोटोत जे पांढरं असतं त्यासाठी, जुनी युक्ती: खाली पेपर ठेवायचा, आमच्याकडे संचार येतो, तर संचारच्या बातमीवर निगेटिव्ह टेकवून सगळ्यात काळ्या जागेतून अक्षरं जेमतेम वाचता यायला हवीत. पुतण्याच्या बाराबंदीतून हेडलाईनसुद्धा दिसेना.

म्हणजे निदान काय झालं? सावली कोरी, म्हणजे एक्स्पोजर कमी. अक्षरं फुगलेली अन् पांढरं ठार बंद, म्हणजे डेव्हलपमेंट जास्त. दोन उलट्या चुका एकाच रोलमधे. आणि म्हणूनच हा आजार परत परत येतो, कारण माणूस दरवेळी एकच टोक धरून ओढतो. पांढरं जळालं म्हणून पुढच्या वेळी एक स्टॉप कमी, म्हणजे निम्माच उजेड देतो, की सावली अजून मरते. सावली मेली म्हणून रोल पुश करतो, म्हणजे जास्त वेळ धुतो, की पांढरं अजून जळतं. पुश करून सावलीत काही येतं हा तर लई लोकांचा गैरसमज आहे.

का येत नाही ते सांगतो, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं. डेव्हलपर म्हणजे व्याज समजा, आणि एक्स्पोजर म्हणजे मुद्दल. सावलीत मुद्दलच दोन आणे जमा झालंय, त्यावर कितीही दिवस व्याज लावा, होऊन होऊन किती होणार? पण पांढऱ्या कपड्यात हजाराची ठेव आहे, तिथं वेळ वाढेल तसं फुगतच जातं. म्हणजे सावली ठरते कॅमेऱ्यात, पांढरं ठरतं टँकमधे, म्हणजे रोल धुवायच्या बंद डब्यात. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास झोन सिस्टिम मांडली तिचा गाभा हाच, बाकी ते रोमन आकडे वगैरे नंतर शिकलं तरी चालतं.

आता कॅमेऱ्याची बाजू. मीटरला समोर काय आहे ते कळत नाही, तो सगळ्याला मध्यम राखाडीच समजतो. गड्ड्याच्या मिरवणुकीत फ्रेमभर बाराबंदी भरली की मीटरला वाटतं बापरे केवढा उजेड, आणि तो पांढऱ्याला राखाडी करायला निघतो. आयएसओ २०० वर भर दुपारी उन्हात साधारण १/२५० आणि एफ १६ लागतं, पण पांढऱ्या कपड्यावर मीटर धरलं तर तो १/१००० आणि एफ १६ सांगेल. दोन स्टॉप तिथंच गेले. म्हणून जवळ जाऊन चेहऱ्याच्या सावलीकडच्या बाजूवर मीटर धरा, नाहीतर स्वतःचा तळहात तशाच सावलीत धरून तो मोजा अन् तेवढंच राहू द्या, मिरवणुकीत कोण उभं राहणार तुमच्यासाठी. आणि एचपी५ सारखी ४०० आयएसओची फिल्म असेल तर मीटरचा आयएसओ डायल २०० वर ठेवा. सरळ एक स्टॉप जास्त. घाबरू नका, ब्लॅक अँड व्हाइट फिल्मला जास्तीचं एक्स्पोजर बरंच सोसतं, कमीचं सोसत नाही.

जुन्या कॅमेऱ्याचा आणखी एक घोटाळा. पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा सेल लागणारे कॅमेरे खूप आहेत, तो सेल आता मिळत नाही, मग आपण दुकानातून १.५ व्होल्टचा बसेल तो घालतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत मग मीटरला उजेड जास्त असल्यासारखा वाटतो आणि तो कमी एक्स्पोजर सांगतो. काही कॅमेऱ्यांचं सर्किट हे सांभाळून घेतं, पण सगळ्यांचं नाही. पुतण्याचा "नवीन सेल" हा असलाच निघाला. आम्ही त्याच्या मीटरची माझ्या हातातल्या मीटरशी तुलना केली तर जवळपास एक स्टॉपचा फरक. म्हणजे बाराबंदीचे दोन, सेलचा एक, आणि वर पिवळा फिल्टर लावलेला.

पिवळ्या फिल्टरचं पण बोलून घेतो. आकाश छान येतं म्हणून सगळे लावतात. पण उघड्यावरची सावली ही निळ्या आकाशाच्या उजेडाने उजळलेली असते, आणि पिवळा फिल्टर नेमका निळाच अडवतो. म्हणजे आधीच मेलेल्या सावलीला तुम्ही अजून एक रट्टा देता. कॉन्ट्रास्टने त्रासलेल्या माणसाने भर दुपारी पिवळा काय, केशरी काय, लाल काय, काहीच लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ढगाळ दिवसासाठी ठेवा की राव.

उघड्यावरचं एकवेळ ठीक, खरी परीक्षा पूर्व भागातल्या लूमच्या शेडमधे. मागच्या वर्षी एका ओळखीच्या कारखान्यात चादरीच्या मागांचे फोटो काढत होतो. आत अंधार, वरून एक पत्र्यातली खिडकी, त्यातून उन्हाचा पट्टा थेट ताण्याच्या पांढऱ्या सुतावर. डायल २०० वर. मागाच्या खालच्या अंधारात, जिथं तेलकट गिअर दिसतात, तिथं मीटर धरलं तर एफ २.८ ला १/८. सुतावर धरलं तर एफ २.८ ला १/५००. आठ, पंधरा, तीस, साठ, सव्वाशे, अडीचशे, पाचशे, म्हणजे सहा स्टॉपचं अंतर. आता गिअर मला काळेच पण ओळखू येतील असे हवेत, तर मीटर सांगतो त्यापेक्षा दोन स्टॉप कमी, १/३०. झोनवाल्यांच्या भाषेत तिसरा झोन; मीटर सांगतो ती मध्यम राखाडी म्हणजे पाचवा, आणि एक स्टॉप म्हणजे एक झोन. मग १/३० पासून सुत किती वर? चार स्टॉप. पाच अधिक चार, नववा झोन, म्हणजे सुताचे धागे एकमेकांत मिसळून जाणार. मला ते आठव्यात हवेत, धागा न् धागा सुटा. तर धुताना एक झोन खाली ओढायचं, वेळ साधारण वीस टक्के कमी. आणि वेळ कमी केली की सावलीचा पण थोडा जीव जातो, म्हणून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवायचं. मी १/१५ दिलं, ट्रायपॉडवर. धोटा धूसर आला, येऊ दे, तो पळतोच तसा. सुत मात्र असं आलंय की मोजून घ्या.

आता धुण्याकडे येतो, कारण सोलापुरात खरा चोर इथं बसलाय. सगळे चार्ट २० अंशाचे. एचपी५ ला डी-७६ डेव्हलपर पाण्यात एकास एक, २० अंशाला ११ मिनिटं. पण एप्रिल-मेमधे छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं आणि घरातली हवाच छत्तीसच्या पुढं असते. तापमान एक अंश वाढलं की वेळ साधारण आठ-दहा टक्के कमी करावी लागते. म्हणजे ३० अंशाच्या डेव्हलपरमधे ११ मिनिटं दिली तर हव्या त्याच्या दुपटीपेक्षा जास्त शिजवलंत.

पुतण्या म्हणाला, "पण काका मी बर्फ लावून २० वरच आणलेलं, थर्मामीटरने मोजून." बरोबर आहे, मोजलं, पण ओतायच्या आधी. मी त्याला म्हटलं आता इथं माझ्यासमोर कर, साध्या पाण्याने कर. २० अंशाचं पाणी टँकमधे ओतलं, टँक स्वतःच गरम, रीळ गरम, वर तो टँक दोन्ही हातांनी कवटाळून ढवळतोय, अकरा मिनिटांनी ओतून बघितलं तर पारा पंचविशीला टेकलेला. म्हणजे सरासरी साडेबावीस-तेवीस. आणि ढवळणं तर असं चाललेलं की ताक घुसळावं. जोरात आणि सतत हलवलं की पांढऱ्या भागाला ताजा डेव्हलपर मिळत राहतो अन् ते अजून चढतं, शिवाय फिल्मच्या भोकांजवळून गडद पट्टे उठतात, ते त्याच्या रोलवर होतेच. सुरवातीला दहा सेकंदात चार वेळा उलटं-सुलटं, नंतर दर मिनिटाला तसंच चार वेळा. शांतपणे. मधे टँक खाली ठेवायचा, हातात घेऊन फिरायचं नाही.

माझा उपाय असा की इथं उन्हाळ्यात २० चा हट्टच सोडून दिला. बर्फाने २० वर आणता येतं, पण तिथं टिकवता येत नाही, आणि एका वर्षी घाईत बर्फाचा खडा सरळ डेव्हलपरमधेच टाकला होता, तो वितळून डेव्हलपर पातळ झाला, रोल फिका आला, ते पाप माझंच. २४ धरा. आणि त्यासाठी बर्फ नको, माठ पुरतो. आपली हवा कोरडी आहे ना, माठ झकास काम करतो, बाहेरून ओलं फडकं गुंडाळून रात्रभर खिडकीत ठेवला की मे महिन्यात पण पहाटे पाणी २५-२६ पर्यंत उतरलेलं सापडतं, तिथून २४ ला यायला बर्फाची बंद पिशवी दोन मिनिटं बुडवली की झालं. रोल पहाटे धुवायचा, पाचला उठून. दुपारी तीनला रोल धुणाऱ्याला मी काही सांगत नाही.

एक मोठं घमेलं माठाच्या पाण्याने भरायचं, त्यात टँक, डेव्हलपरची बाटली, चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरची बाटली, सगळं अर्धा तास आधी ठेवून द्यायचं. टँक रिकामा असताना सुद्धा, रिळासकट. मधल्या काळात पण टँक घमेल्यातच उभा. शेवटी ओतताना परत मोजायचं, फरक एका अंशाच्या आत असला की पास. थर्मामीटर डेअरीत वापरतात तसलं घ्या, ताप मोजायचं चालत नाही, ते ३५ च्या खाली बघतच नाही. हसू नका, एकाने आणलेलं.

२४ ला ११ मिनिटांचे साधारण पावणेआठ होतात. त्यातून वीस टक्के काढले की सव्वासहा. म्हणून एकास एक पातळ करूनच वापरा, नुसता डेव्हलपर वापरला तर वेळ पाच मिनिटांच्या खाली जाईल, आणि पाचच्या खाली गेलं की ओतण्या-काढण्यातच वेळ जातो अन् आकाशात ढगांसारखे डाग पडतात.

फिक्सर आणि धुवायचं पाणी पण त्याच घमेल्यातलं. डेव्हलपर २४ चा आणि नंतर फिल्म एकदम नळाखाली, तिथं ३४, असं केलं की जिलेटिनला झटका बसतो, रवा गोळा होतो, जास्तच झालं तर सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा. आताच्या फिल्म बऱ्याच सोशिक आहेत पण गरम पाण्यात थर मऊ पडतोच, नख लागलं तरी ओरखडा. पूर्वीच्या हार्डनिंग फिक्सरमधे पोटॅश अ‍ॅलम म्हणजे आपली तुरटीच असायची ती याच्याचसाठी. आणि आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठं येतं, तर अर्धा तास नळ सोडून धुणं जमणारच नाही. त्याला इलफर्ड या फिल्म कंपनीची पद्धत आहे, हार्डनर नसलेल्या फिक्सरला चालते: टँक भरा, पाच वेळा उलटा, ओता. परत भरा, दहा वेळा. परत भरा, वीस वेळा. झालं. दीड-दोन लिटरमधे रोल धुतला जातो. शेवटचं पाणी आरओचं घ्या, बोअरचं घेतलं तर सुकल्यावर क्षाराचे ठिपके बसतात.

आता एवढं सगळं ऐकून एकदम सगळं बदलू नका, नाहीतर कशाने सुधारलं ते कळणार नाही. मी पुतण्याला जी परीक्षा करायला लावली ती सांगतो. गच्चीवर दोरीवर पांढरा सोलापुरी टॉवेल वाळत घातला, उन्हात. त्याच्या शेजारी जिन्याच्या सावलीत काळी घोंगडी. टॉवेल यासाठी की त्याचे बारके फासे दिसले तर पांढरं जिवंत, आणि घोंगडी यासाठी की तिची विण दिसली तर सावली जिवंत, याच्याइतकं स्वस्त टेस्ट चार्ट जगात नाही. कॅमेरा स्टँडवर, डायल २००, मीटर घोंगडीवर धरून दोन स्टॉप कमी, आणि अख्खा रोल त्याच एका फ्रेमचा. मग चेंजिंग बॅगेत, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत, अंदाजाने रोलचे तीन तुकडे. एक तुकडा २४ अंशाला पावणेआठ मिनिटं, दुसरा सव्वासहा, तिसरा साडेपाच.

वाळल्यावर तिन्ही शेजारी लावले. घोंगडीची विण तिन्हींत जवळपास सारखीच, साडेपाचमधे जराशी मंद. टॉवेल मात्र पहिल्यात पांढरा पुठ्ठा, दुसऱ्यात फासे दिसतायत, तिसऱ्यात फासे आहेत पण टॉवेल मळका वाटतोय. पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "म्हणजे घोंगडीला टँकमधलं काही कळतच नाही की हो." बरोबर पकडलंस म्हटलं.

थंडीत हाच सव्वासहाचा आकडा ढगाळ दिवसाच्या रोलला लावू नका हं, तिथं उलटं, कॉन्ट्रास्ट मुळात कमी, पूर्ण वेळ द्यावा लागतो, नाहीतर सगळं दह्यासारखं गुळगुळीत येतं. एका रोलवर ऊन आणि ढग दोन्ही असतील तर उन्हाला धरून चाला, सपाट निगेटिव्ह प्रिंटमधे चढवता येतं, जळालेलं उतरवता येत नाही.

आणि एक राहिलं. अक्षरं ठीक, चित्र ठीक, पण फिल्मची कोरी कडच राखाडी असेल तर धुण्याला दोष देण्याआधी रोल कुठं ठेवला होता ते आठवा. पुतण्याचे दोन रोल गाडीच्या डिकीत होते, महिनाभर. रोल फ्रिजमधे ठेवायचा, आणि काढला की लगेच डबी उघडायची नाही, दोन-तीन तास बाहेर ठेवायचा, नाहीतर पाणी सुटतं.

पावसाळा लागला की माठाचं पाणी तेवढं उतरत नाही, हवेत ओल असते, पण तोवर टाकीच्या पाण्याचं तापमानच खाली आलेलं असतं त्यामुळे अडत नाही. माझ्या टँकच्या झाकणावर मार्करने लिहिलेलं आहे: २४ ला ७ मिनिटं ४५ सेकंद, २५ ला ७.१५, २६ ला ६.४०, उन्हाचा रोल असेल तर यातून पाचवा हिस्सा वजा. २६ च्या पुढचं लिहिलंच नाही, त्या दिवशी रोल डबीतच राहतो.